पोरगं ढोंग करत नाही : मुलांची वारंवार होणारी पोटदुखी समजून घेऊ या

"शाळेची वेळ झाली की याचं पोट दुखते." चंद्रपूर-गडचिरोलीतल्या अनेक घरांत हे वाक्य ओळखीचे आहे. मग एक तर पोराला ढोंगी ठरवले जाते, नाहीतर पुजाऱ्याकडे नेले जाते. दोन्हीत नुकसान मुलाचेच.

१९५८ साली ब्रिटनमध्ये डॉ. जॉन ॲप्ले यांनी सहकाऱ्यासह १००० शाळकरी मुले तपासली. तीन महिन्यांत किमान तीनदा, नेहमीचे खेळणे-वागणे थांबावे इतके पोट दुखणे, ही त्यांची कसोटी होती. साधारण दर दहा मुलांमागे एकाला असा त्रास निघाला. बहुतेकांमध्ये शारीरिक आजार सापडला नाही, पण दुखणे खरे होते.

आतड्यांना स्वतःचे मज्जातंतूंचे जाळे असते आणि ते मेंदूशी सतत जोडलेले असते. मोठे जुलाब होऊन गेल्यावर, किंवा आश्रमशाळेतला एकटेपणा, परीक्षा, माराची भीती यांमुळे हे जाळे हळवे होते. मग साधा गॅसही कळ आणतो. दुखण्यासोबत शौचाचे तंत्र बिघडले, कधी बद्धकोष्ठ तर कधी पातळ, तर डॉक्टर त्याला आयबीएस म्हणतात.

मात्र आपल्या भागात आधी तीन गोष्टी तपासाव्यात. पहिली जंत : १ ते १९ वर्षांच्या मुलांना अंगणवाडीत व शाळेत अल्बेंडाझोलची गोळी मोफत मिळते. दुसरी बद्धकोष्ठता : शाळेच्या संडासाला पाणी किंवा दार नसेल तर मुले, विशेषतः मुली, दिवसभर शौच दाबून ठेवतात. तिसरी सिकलसेल : विदर्भात तो आदिवासींमध्ये आहे, तसा अनुसूचित जातींमध्येही आहे. विळ्यासारख्या वाकड्या रक्तपेशी बारीक रक्तवाहिन्या अडवतात आणि पोट, हातपाय असह्य दुखतात. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. सरकारी दवाखान्यात रक्ततपासणी मागून घ्या.

वजन घटणे, शौचातून रक्त, हिरवी उलटी, ताप, कावीळ, झोपेतून उठवणारी कळ, उजव्या बाजूला खाली दुखणे : यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

हे काही नसेल तर घाबरू नका. "तुझं दुखणं खरं आहे, पण ते धोक्याचं नाही," हे मुलाला सांगा. वेळेवर जेवण, भरपूर पाणी, भाजी-फळे, जेवणानंतर शांतपणे शौचाला बसणे आणि शाळा न बुडवणे, हाच उपचार. दर तासाला "दुखते का?" विचारू नका, लक्ष तिकडेच जाते. पोटावर चटके देणे हा उपाय नव्हे, ती इजा आहे.

तरुण कार्यकर्त्यांनी एवढे करावे : गावातल्या शाळेचा संडास पाहून या, विहारात सिकलसेल तपासणीचे शिबिर लावा आणि पोटदुखीने वारंवार घरी राहणाऱ्या मुलाला एकदा शांतपणे विचारा, शाळेत तुला कशाची भीती वाटते? कधी कधी पोटदुखीचे उत्तर तिथेच मिळते.