आयटीआयचा दाखला आणि त्यानंतरचं एक वर्ष

मागे बरीच तरुण मंडळी उभी दिसतात. पुढच्या खुर्च्या रिकाम्या आहेत, या, बसून घ्या.

तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस फिटर-वेल्डरच्या शिक्षणावर काय बोलणार, असं संयोजकांनी मला अगोदरच विचारलं होतं. प्रश्न रास्त आहे. पण बघा, ज्ञान म्हणजे काय हा आमच्या विषयातला सगळ्यात जुना प्रश्न, आणि नांदेड-लातूरकडे त्याचं उत्तर आम्ही कधीच देऊन टाकलेलं आहे. पुस्तकात असतं ते ज्ञान, हातात असतं ते काम. दहावीला मार्क पडले की लेकरू लातूरला क्लासला, नीटच्या तयारीला. मार्क कमी पडले की 'मग आयटीआय तरी कर.' या 'तरी' शब्दाबद्दल मला बोलायचं आहे.

गिल्बर्ट राइल नावाचा इंग्रज तत्त्वज्ञ होता. त्याने १९४९ साली 'द कन्सेप्ट ऑफ माइंड' हे पुस्तक लिहिलं. त्यात तो म्हणतो की एखादी गोष्ट 'अशी आहे' हे माहीत असणं वेगळं आणि ती 'कशी करायची' हे येणं वेगळं. आणि दुसरं हे पहिल्याचं गरीब भावंड नव्हे. आता फिटर ट्रेडचे पहिले महिने आठवा. पोराच्या हातात कानस देतात आणि लोखंडी पट्टीचा तुकडा बेंच व्हाइसमध्ये धरून सपाट करायला सांगतात. घासायचं, गुण्या लावायचा, उजेडासमोर धरायचा. फटीतून उजेड दिसला की पुन्हा घासायचं. मग हातात व्हर्नियर कॅलिपर येतो, ०.०२ मिलिमीटरपर्यंत मोजणारा. हे पोरगं हाताने विचार करतंय. आपण किती चुकलो हे त्याला कोणी सांगावं लागत नाही, उजेड सांगतो. आमच्या एम.ए.च्या वर्गात इतकी प्रामाणिक परीक्षा मी कधी घेऊ शकलो नाही, हे कबूल करतो.

मग हे काम हलकं कसं ठरलं? इथे जातीला वगळून बोलता येत नाही. आमच्या गावगाड्यात लोखंड लोहाराच्या घरी, लाकूड सुताराच्या घरी. शिक्षण बापाकडून आणि बाहेरच्याला प्रवेश नाही. डॉ. आंबेडकरांनी १९३६ सालीच दाखवून दिलं की जात ही श्रमाची विभागणी नव्हे, ती श्रमिकांची विभागणी आहे. या दृष्टीने पाहिलं तर १९५० साली सुरू झालेली कारागीर प्रशिक्षण योजना, म्हणजे आपले आयटीआय, ही फार मोठी घटना होती. कोणत्याही घरातलं पोर अर्ज भरून लोखंडाचं काम शिकू शकेल, हे सरकारने मान्य केलं. दरवाजा उघडला, पण 'तरी' हा शब्द उंबऱ्यावर तसाच बसून राहिला.

आता लातूरच्या रेल्वे डब्यांच्या कारखान्याकडे येऊ. ३१ मार्च २०१८ ला पायाभरणी झाली, २५ डिसेंबर २०२० ला डब्याचा पहिला सांगाडा तयार झाला. तेव्हापासून मला घरोघरी एकच प्रश्न ऐकू येतो: आमची पोरं कधी लागणार? मी प्रश्न थोडा उलटा करतो. हे डबे स्टेनलेस स्टीलचे. स्टेनलेस स्टीलमधून उष्णता लवकर पसरत नाही आणि ते तापलं की साध्या लोखंडापेक्षा जास्त फुगतं. म्हणून पातळ पत्रा जोडताना जरा हात चुकला की वाकतो. रस्त्याकडेच्या वर्कशॉपात गेट-ग्रिल जोडणारा वेल्डर आणि हा वेल्डर यांच्यात बरंच अंतर आहे. ते वर्गात बसून कापलं जात नाही, प्रत्यक्ष कामावर, जाणत्या माणसाच्या शेजारी उभं राहून कापावं लागतं. त्यासाठीच तर अप्रेंटिसशिप आहे.

आणि इथेच सगळं अडतं. अप्रेंटिस कायदा १९६१ चा आहे. त्यानुसार शिकाऊ उमेदवार हा कामगार नाही, प्रशिक्षणार्थी आहे. कामगार कायदे त्याला एरवी लागू नाहीत; मात्र कारखान्यातली सुरक्षितता आणि अपघाताची भरपाई कामगारासारखीच मिळाली पाहिजे, हेही त्याच कायद्यात आहे. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेवर ठरावीक प्रमाणात उमेदवार घेण्याचं बंधन आहे. २०१९ च्या नियमांत आयटीआय झालेल्याला महिन्याला किमान ७,००० रुपये विद्यावेतन ठरलं.

सात हजार! आता मुखेड-कंधारच्या डोंगरी पट्ट्यातलं घर डोळ्यांसमोर आणा. बाप ऊसतोडीला, आई रोजाने. पोरगा चाकणला अप्रेंटिस म्हणून जातो. चौघांत खोली, मेसचा डबा, गावी जायचं भाडं, आणि घरून फोन: काही पाठवतोस का? ते वर्ष शिकायचं असतं, पण त्याला ते उपाशी काढावं लागतं. शेजारची कंत्राटी नोकरी दोन-तीन हजार जास्त देते म्हणून तो वर्ष अर्धवट सोडतो. लोक म्हणतात, आमच्या पोरांत चिकाटी नाही. मला हे पटत नाही. मध्यमवर्गीय घर जे फुकट देतं, म्हणजे थांबण्याची उसंत, ओळखीचा एखादा काका, अर्ज वाचून दाखवणारं कुणी, ते या घराकडे नाही. करिअरची तयारी म्हणून आपण मुलाखतीत कसं बोलायचं, टाय कसा बांधायचा हे शिकवतो. त्याला पहिल्या तीन महिन्यांची खोली हवी असते.

दुसरी बाजूही सांगतो. काही ठिकाणी शिकाऊ उमेदवार म्हणजे स्वस्त हात. माझ्या नात्यातला एक मुलगा मशिनिस्टचा दाखला घेऊन एका कारखान्यात गेला आणि आठ महिने माल उचलत होता. मशीन त्याने लांबून पाहिलं. कारखान्याचं नाव घेत नाही, असे पुष्कळ असतील. वर्ष संपल्यावर नोकरी द्यायला मालक बांधील नाही, हे कायद्याचं कलम २२ सांगतं. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली उत्तर प्रदेशच्या एसटीच्या प्रकरणात म्हटलं की बाकी गोष्टी समान असतील तर प्रशिक्षित उमेदवाराला प्राधान्य द्यावं. प्राधान्य, हमी नव्हे. मार्च २०१८ मध्ये रेल्वेचे अप्रेंटिस माटुंगा-दादर दरम्यान रुळांवर बसले, ते याच फरकावरून. मुंबईकरांना लोकल अडकल्याचा राग आला. तोही खराच. पण शिकवलं आणि मग ओळख दिली नाही, हा त्या मुलांचा राग समजून घ्यायला फार तत्त्वज्ञान लागत नाही.

प्रश्न आला आहे. ताई विचारतात, 'मुलीला इलेक्ट्रिशियन करायचं आहे, घरचे नको म्हणतात, काय करू?' ताई, दोन वर्षांचा ट्रेड आहे, दहावीला विज्ञान-गणित लागतं. सौर पंप आता बांधाबांधावर बसतायत. ते बसवायला आणि दुरुस्त करायला तालुक्यातच माणूस लागणार. फॉर्म भरण्याआधी तिला घेऊन एकदा वर्कशॉप पाहून या. वसतिगृह आहे का, मशीन चालू आहेत का, मागच्या बॅचची मुलं कुठे अप्रेंटिस लागली, हे निदेशकांना विचारा. आणि अप्रेंटिसशिपचा करार झाला की त्याची नोंदणी झालेली प्रत मागून घ्या, घरी जपून ठेवा. नोंद नसेल तर अपघात झाल्यावर 'हा आमचा नव्हेच' असं म्हणणं सोपं जातं.

त्या निळ्या शर्टवाल्या मुलाचा हात वर आहे. बोल बाळा.