मूळव्याध, फिशर आणि भगंदर : दुखणे एका जागेचे, आजार वेगवेगळे

गुदमार्ग हा पचनमार्गाचा अखेरचा, जेमतेम 3 ते 4 सेंटिमीटर लांबीचा भाग. त्याच्याभोवती दोन स्नायूंची वलये असतात. आतले वलय आपोआप आवळलेले राहते, त्यावर माणसाचा ताबा नसतो. बाहेरचे वलय मात्र इच्छेनुसार आवळता येते. गुदमार्गाच्या साधारण मध्यावर एक नागमोडी सीमा असते, तिला दंतुर रेषा म्हणतात. या रेषेच्या वरच्या अस्तराला टोचल्या-कापल्याची वेदना जवळजवळ कळत नाही, तर खालची त्वचा बोटाच्या टोकाइतकी संवेदनशील असते. गुदमार्गाचा कोणता आजार दुखतो आणि कोणता दुखत नाही, याचे बरेचसे उत्तर या रेषेत आहे.

मूळव्याध

दंतुर रेषेच्या वर रक्तवाहिन्या, स्नायुतंतू आणि संयोजी ऊती यांच्या तीन मऊ गाद्या प्रत्येक निरोगी माणसात असतात. वायू आणि पातळ मल रोखून धरायला त्या मदत करतात. कडक शौच, रोजचे कुंथणे, शौचालयात तासन् तास बसणे, गर्भारपण आणि वाढते वय यांमुळे या गाद्यांना धरून ठेवणारे तंतू सैल पडतात. गाद्या फुगून खाली सरकतात, तेव्हा त्या स्थितीला मूळव्याध म्हणतात.

सरकण्याच्या प्रमाणावरून तिच्या चार पायऱ्या मानल्या जातात. पहिलीत फक्त रक्त पडते. दुसरीत फुगलेल्या गाद्यांचे कोंब शौचाच्या वेळी बाहेर येऊन आपोआप आत जातात, तिसरीत ते हाताने आत ढकलावे लागतात आणि चौथीत बाहेरच राहतात. रक्त लालभडक असते, थेंब थेंब गळते किंवा चिळकांडी उडते. पण दुखत सहसा नाही. गुदद्वाराच्या कडेला अचानक निळसर, टणक आणि अतिशय दुखरी गाठ आली, तर ती बाहेरच्या शिरेत रक्त गोठल्याने झालेली असते. पहिल्या दोन-तीन दिवसांत ती काढता येते. त्यानंतर ती हळूहळू जिरू लागते.

पहिल्या दोन पायऱ्यांवर आहार हेच मुख्य औषध. चोथायुक्त आहाराने किंवा इसबगोलाने रक्तस्राव साधारण निम्म्याने घटतो, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासात दिसले आहे. तेवढ्याने भागले नाही, तर कोंबाच्या मुळाशी रबराचे छोटे कडे बसवतात. रक्तपुरवठा तुटून कोंब आठवडाभराच्या सुमारास गळून पडतो. कडे दंतुर रेषेच्या वर बसवले जात असल्याने भूल द्यावी लागत नाही. पुढच्या पायऱ्यांसाठी शस्त्रक्रिया असते. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील मिलिगन आणि मॉर्गन यांनी 1937 साली मांडलेली कोंब कापून काढण्याची पद्धत आजही वापरात आहे.

फिशर

फिशर म्हणजे गुदद्वाराच्या त्वचेला पडलेली उभी चीर. ती दंतुर रेषेच्या खाली असल्याने शौचाच्या वेळी काच फिरवल्यासारखी वेदना होते आणि पुढे कित्येक तास आग होत राहते. रक्त थोडेच, मलावर रेघ उमटावी इतके असते.

चीर पडते ती बहुधा कडक मलामुळे, पण ती भरून न येण्याचे कारण वेगळे आहे. वेदनेमुळे आतले स्नायुवलय घट्ट आवळते. त्याने मागच्या मध्यरेषेवरचा मुळातच तोकडा रक्तपुरवठा आणखी कमी होतो. बहुतेक चिरा याच मध्यरेषेवर असतात. दुखण्याच्या भीतीने रुग्ण शौच रोखतो, मल आणखी कडक होतो आणि चीर पुन्हा फाटते. हे चक्र तोडणे हाच उपचार. मल मऊ ठेवणे, कोमट पाण्याच्या टबात दहा-पंधरा मिनिटे बसणे आणि स्नायू सैल करणारे डिल्टियाझेमचे मलम सहा ते आठ आठवडे लावणे, एवढ्याने पुष्कळ रुग्ण बरे होतात. जुनाट फिशरमध्ये आतल्या वलयाचा छोटा भाग कापून ताण कमी करतात. त्याचा गुण चांगला येतो, मात्र क्वचित वायू रोखण्याची ताकद कमी होते.

गळू आणि भगंदर

दंतुर रेषेवर सूक्ष्म ग्रंथींची तोंडे उघडतात. एखादी ग्रंथी तुंबून तिच्यात जंतुसंसर्ग झाला की गळू होते. ठणका लागतो, ताप येतो आणि बसणे अशक्य होते. नुसत्या प्रतिजैविकांनी हे गळू बरे होत नाही. चिरा देऊन पू काढावाच लागतो. मधुमेही रुग्णाने तर एक दिवसही थांबू नये. बऱ्याच रुग्णांत पुढे आतल्या ग्रंथीपासून बाहेरच्या त्वचेपर्यंत नळीसारखी वाट कायम राहते. हेच भगंदर. त्यातून अधूनमधून पू येतो, तोंड बुजते आणि पुन्हा फुटते.

भगंदर आपोआप सहसा बरे होत नाही. वाट उथळ असेल तर ती उघडून साफ करतात. ती स्नायुवलयांतून खोलवर जात असेल, तर स्नायू कापल्याने मलावरचा ताबा जाण्याचा धोका असतो. म्हणून आधी एमआरआय करून वाटेचा माग काढतात आणि दोरा घालून किंवा स्नायू वाचवणाऱ्या इतर पद्धतींनी टप्प्याटप्प्याने उपचार करतात.

सुश्रुतसंहितेत भगंदराचे पाच प्रकार आणि क्षारसूत्राचा वापर सांगितला आहे. निवडुंगाचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद यांची पुटे दिलेला हा दोरा वाट हळूहळू कापत, भरत जातो. बनारस हिंदू विद्यापीठात गेल्या शतकात या पद्धतीला नवे रूप मिळाले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 1991 साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत क्षारसूत्राने जखम भरायला शस्त्रक्रियेपेक्षा जास्त वेळ लागला, पण भगंदर पुन्हा होण्याचे प्रमाण कमी राहिले.

प्रतिबंध आणि धोक्याच्या खुणा

या आजारांपैकी मूळव्याध आणि फिशर पुष्कळ अंशी टाळता येतात. ज्वारी-बाजरीची भाकरी, सालीसकट डाळी, कडधान्ये, पालेभाज्या आणि फळे यांतून रोज 25 ते 30 ग्रॅम चोथा पोटात जावा. त्याबरोबर पुरेसे पाणी हवे, नाहीतर चोथाच मल घट्ट करतो. शौचाची भावना झाली की थांबू नये, कुंथू नये आणि मोबाइल घेऊन शौचालयात बसू नये.

गुदद्वारातून येणारे रक्त तपासणीशिवाय मूळव्याधीचे मानू नये, कारण मोठ्या आतड्याचा आणि गुदाशयाचा कर्करोगही असाच सुरू होऊ शकतो. काळपट किंवा मलात मिसळलेले रक्त, शौचाच्या सवयीत अचानक बदल, वजन घटणे, रक्तक्षय, घरात कुणाला आतड्याचा कर्करोग झालेला असणे किंवा वय 45 च्या पुढे असणे, यांपैकी काही असेल तर मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करून घ्यावी. मध्यरेषा सोडून बाजूला पडलेली चीर आणि वारंवार उलटणारे भगंदर यांच्यामागे क्षयरोग किंवा क्रोन्स हा आतड्याचा दाहक आजार असू शकतो.

यांतील बहुतेक आजारांचे निदान शल्यचिकित्सकाच्या नजरेने, बोटाने आणि छोट्या नळीतून पाहून काही मिनिटांत होते. लाजेपायी ही तपासणी टाळणारे रुग्ण भिंतीवरच्या जाहिराती वाचून अप्रशिक्षित उपचारकांकडे जातात. तिथे टोचलेल्या दाहक इंजेक्शनांनी गुदद्वार आक्रसणे, सडणे, मलावरचा ताबा जाणे असे नुकसान होते आणि ते भरून काढणे मूळ आजारापेक्षा कितीतरी कठीण असते.