‘तारीख-ए-अमजदी’ कुठे शोधावी?

वऱ्हाडचा इतिहास लिहिणाऱ्यांनी ‘तारीख-ए-अमजदी’ या ग्रंथाचा आधार घेतलेला दिसतो. अचलपूरचे खतीब अमजद हुसेन यांचा हा एकोणिसाव्या शतकातला ग्रंथ. अचलपूर म्हणजे जुने इलिचपूर, इमादशाहीची राजधानी. पण अमरावती-अकोल्याच्या आपल्या घरांतून विचारा, पुस्तक पाहिलेला माणूस विरळाच. शाळेतल्या मुलांना आपल्या मुलखाची माहिती द्यावी म्हणून आम्ही त्याचा नेटवर शोध सुरू केला. पूर्ण प्रत अजून हाती आलेली नाही. मात्र पुस्तके कशी ‘गायब’ होतात हे चांगलेच कळले.

पहिले कारण नावाचे. कुणी ‘तारीख’ लिहितो, कुणी ‘तवारीख’. गावाचे नाव एलिचपूर, इलिचपूर, अचलपूर असे तीन तऱ्हेने येते. रोमन लिपीत तर एकेका नावाची चार-पाच रूपे होतात. एक अक्षर बदलले की यंत्र म्हणते, काही सापडले नाही. म्हणून नाव प्रत्येक रूपात आणि उर्दू लिपीतही टाकून पाहावे.

दुसरे कारण छपाईचे. त्या काळची बहुतेक उर्दू-फारसी पुस्तके शिळाछापाची, म्हणजे कातिबाने हाताने लिहून दगडावरून उतरवलेली. नस्तालीक हस्ताक्षर यंत्राला नीट वाचता येत नाही. त्यामुळे पुस्तकाचे फोटो नेटवर असले, तरी आतल्या मजकुराचा शोध लागत नाही.

तिसरे कारण वर्षाचे. जुन्या पुस्तकांवर बहुधा हिजरी सन असते. 1287 हिजरी म्हणजे 1870-71. यादीत दोन्ही सन पाहावेत.

शोध कुठे घ्यावा? रेख्ता, इंटरनेट आर्काइव्ह आणि भारताचे राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय ही सोपी दारे. वऱ्हाड 1853 मध्ये इंग्रजांच्या कारभारात गेला, त्याआधी तो निजामाकडे होता. म्हणून हैदराबादच्या ग्रंथालयांच्या याद्याही पाहायला हव्यात.

आणि शेवटचे दार आपल्याच घरातली पेटी. इथे एक गोष्ट मनापासून सांगाविशी वाटते. कुरआन शरीफचे जीर्ण पान आपण अदबीने दफन करतो किंवा पाण्यात ठंडे करतो. ते योग्यच आहे. पण ज्या घरात आता कुणाला उर्दू वाचता येत नाही, तिथे उर्दू लिपीतला प्रत्येक कागद दीनी समजून त्याच गाठोड्यात बांधला जातो. त्यात आजोबांची वही, गावची हकीकत, वंशावळ, सारे जाते. अदब राखताना आपलाच इतिहास विहिरीत पडतो.

तेव्हा वाचकहो, गाठोडे बांधण्यापूर्वी एवढे करा. वस्तीतल्या उर्दू शिक्षकाला किंवा मौलाना साहेबांना ते दाखवा. प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाचा मोबाइलवर फोटो घ्या. छापखान्याचे नाव आणि सन बहुधा तिथेच असते. दीनी पाने वेगळी काढा. बाकीचे कोरड्या जागी कडुनिंबाच्या पाल्यात ठेवा. आणि घरातल्या एका मुलाला तरी उर्दू वाचायला शिकवा. पुस्तक उद्या सापडेलही, पण ते वाचणारा घरात हवा ना!