वेळासचा मुक्काम

कोंकणांतील कित्येक घरें आतां गणपतीपुरतींच उघडतात. रत्नागिरी जिल्ह्यांतील वेळास, म्हणजे नाना फडणिसांचें मूळ गांव, येथें मात्र फाल्गुन-चैत्रांत परक्या पाहुण्यांसाठीं ओट्या झाडल्या जातात. निमित्त कांसवांचें! पूर्वीं लोक त्यांचीं अंडीं वाळूंतून उकरून नेत. चिपळूणच्या ‘सह्याद्रि निसर्ग मित्र’ संस्थेनें २००२ सालीं त्यांच्या रक्षणाचें काम हातीं घेतलें. २००६ पासून कांसव-महोत्सव भरूं लागला, आणि उतरावयास गांवकऱ्यांचींच घरें पुढें आलीं.

आम्ही उतरलों तें घर जांभ्याचें, कौलारू. पंगत पडवींत, पानांत भात, कुळथाचें पिठलें, सोलकढी. अशा ठिकाणीं स्वतंत्र न्हाणीघराचा हट्ट धरणारांनीं शहरांतच राहावें, हें बरें.

किनाऱ्यावर कुंपण घालून त्यांत अंडीं पुरतात व वर टोपल्या पालथ्या घालतात. सकाळीं टोपली उचलली कीं पिलें दिसावीं. एखादे दिवशीं दिसतही नाहींत. आम्हांला तिसऱ्या दिवशीं पांच दिसलीं. तोंवर आमचा धाकटा त्या घरच्या मुलांबरोबर थेट माजघरांत हुंदडूं लागला होता.

निघतेवेळीं पैसे पुढें करतांना माझा हात अडखळला, घेतांना यजमानीणबाईंचाही. “पावसाआधीं कौलें परतायचीं आहेत,” त्या हळूच म्हणाल्या.