पायथॉनमधील अपूर्णांक व आसन्न मूल्याची त्रुटी : एक विवेचन

प्रस्तावना :
माजलगावसारख्या ऊस-कापसाच्या तालुक्यात आज्ञावली शिकणाऱ्या विद्यार्थ्यास वजन, दर व रक्कम यांची उदाहरणे जवळची वाटतात. नेमक्या याच उदाहरणांत संगणक चुकल्याचा भास होतो. ०.१ व ०.२ यांची बेरीज पायथॉन ०.३०००००००००००००००४ अशी दाखवितो. हा भाषेचा दोष नसून संख्या साठविण्याच्या पद्धतीचा परिणाम होय.

कारणमीमांसा :
संगणक अपूर्णांक द्विमान पद्धतीत साठवितो. दशमान पद्धतीत १/३ चे रूप जसे संपत नाही, तसे द्विमान पद्धतीत १/१० चे रूप संपत नाही. कारण छेदात ५ हा अवयव आहे. आयईईई ७५४ (१९८५) या मानकानुसार अशा संख्येस ५३ सार्थ द्विमान अंक मिळतात. त्यापुढील भाग सोडून आसन्न मूल्य घेतले जाते.

पावकी, निमकी व पाउणकीतील पाव, अर्धा, पाऊण यांचे छेद २ चे घात असल्याने ते तंतोतंत साठतात. रुपयाचा सोळावा भाग असलेला आणा आणि चौसष्टावा भाग असलेला जुना पैसाही तसाच. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले व मानवी हिशेब सुलभ झाला. मात्र १ ते ९९ पैशांपैकी केवळ २५, ५० व ७५ पैसेच रुपयाच्या अपूर्णांकात अचूक साठतात.

परिणाम :
लूपमध्ये ०.१ दहा वेळा मिळविल्यास ०.९९९९९९९९९९९९९९९९ मिळतात. ‘बेरीज १ होईपर्यंत’ अशी अट असलेले लूप म्हणूनच थांबत नाही. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातील धाहरान येथे पॅट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणा अपयशी ठरून २८ अमेरिकी सैनिक मृत्युमुखी पडले. तेथील संख्या स्थिरबिंदू पद्धतीच्या होत्या. परंतु मूळ तेच. ०.१ सेकंदाचे २४ अंकी द्विमान रूप छाटले गेल्याने सुमारे १०० तासांत ०.३४ सेकंदांची चूक साचली होती.

उपाय :
१) रक्कम पैशांत, पूर्णांक म्हणून ठेवावी.
२) २००४ पासून उपलब्ध असलेले डेसिमल मोड्यूल वापरावे, त्यास संख्या अवतरणचिन्हांत द्यावी, अन्यथा आधीचीच त्रुटी आत शिरते.
३) दोन अपूर्णांक समान आहेत का, हे न तपासता त्यांतील फरक ठरविलेल्या मर्यादेत आहे का, हे तपासावे.

निष्कर्ष :
केवळ दोन दशांश स्थळांपर्यंत छापल्याने त्रुटी झाकली जाते, नाहीशी होत नाही. म्हणून पहिल्याच प्रात्यक्षिकात ही त्रुटी विद्यार्थ्यांस दाखवून तिचे कारण स्पष्ट करणे आवश्यक ठरते.