आधी बॉनेटवर, मग भिंतीवर

फेब्रुवारी १९६८. सॅन फ्रान्सिस्कोत जिमी हेन्ड्रिक्सचे कार्यक्रम होते आणि पोस्टरचं काम होतं रिक ग्रिफिनकडे. त्यानं काढलेल्या पोस्टरवर ना हेन्ड्रिक्स आहे, ना गिटार. आहे तो एक रक्ताळलेला भलामोठा डोळा. त्याला पंख फुटलेत, पंज्यात कवटी आहे आणि आगीचं कडं फोडून तो थेट आपल्या अंगावर येतोय. रॉक पोस्टरांवरचं कुठलंही जाडजूड पुस्तक उघडा, हा डोळा त्यात भेटतोच.

हा डोळा आला कुठून? गॅरेजातून!

लॉस एंजेलिसमध्ये केनी हॉवर्ड नावाचा एक अवलिया पेंटर होता. सगळे त्याला व्हॉन डच म्हणत. १९५०च्या दशकात लोक आपल्या गाड्या त्याच्या दारात आणून उभ्या करायचे आणि तो बॉनेटवर, डिकीवर, दारांवर लांब केसांच्या ब्रशनं केसाइतक्या बारीक रेघा ओढून द्यायचा. पंख असलेला डोळा ही त्याची खूण. ग्रिफिन त्याच दक्षिण कॅलिफोर्नियात वाढला, हे सगळं बघतच मोठा झाला. शिवाय डोळ्याशी त्याचं आणखी जवळचं नातं होतं. विशीच्या उंबरठ्यावर लिफ्ट मागत सॅन फ्रान्सिस्कोकडे निघालेला असताना गाडीला अपघात झाला आणि त्याचा डावा डोळा खोबणीतून सरकला. पुढे बरेच दिवस तो डोळ्यावर पट्टी बांधून फिरत असे.

रॉकच्या पोस्टरांवर एवढ्या गाड्या का असतात, असं विचारलं की वेग, तारुण्य, बंडखोरी अशी उत्तरं मिळतात. ती बरोबर आहेत, पण अपुरी. मला विचाराल तर खरं कारण हाताचं आहे. ही पोस्टरं काढणारे हात आधी गाडीच्या पत्र्यावर तयार झाले, कागद त्यांच्या आयुष्यात नंतर आला.

फोर्ड, १९३२

हे हात ज्या गाड्यांवर तयार झाले, त्या म्हणजे हॉट रॉड. मामला तसा सोपा. जुनी, स्वस्तातली गाडी घ्यायची. मडगार्ड, बंपर उतरवायचे, छत कापून खाली आणायचं, दणकट इंजिन बसवायचं आणि सुटायचं. या खेळाची लाडकी गाडी म्हणजे १९३२ची फोर्ड. सामान्य माणसाच्या खिशाला परवडणारं व्ही-८ इंजिन पहिल्यांदा तिच्यात आलं, ६५ हॉर्सपॉवरचं. दुसऱ्या महायुद्धानंतर घरी परतलेल्या तरुण सैनिकांनी कॅलिफोर्नियातल्या कोरड्या तळ्यांवर असल्या गाड्या पळवल्या. जानेवारी १९४८मध्ये ‘हॉट रॉड’ मासिकाचा पहिला अंक निघाला.

गाणी मागोमाग आलीच. अनेक जण ज्याला रॉक अँड रोलची पहिली रेकॉर्ड मानतात ती १९५१ची ‘रॉकेट ८८’ ओल्ड्समोबिलच्या एका मॉडेलवर आहे. १९६३मध्ये बीच बॉइजनी ‘लिटल ड्यूस कूप’ हा जवळजवळ अख्खा अल्बमच गाड्यांवर काढला. मुखपृष्ठावर गायक नाहीत, निळी फोर्ड आहे.

प्रत्येक खोक्यामागे एक सेंट

आता एड रॉथ. ‘बिग डॅडी’ रॉथ. त्याच्याबद्दल लिहायला बसलं की हात आवरत नाही.

रॉथ गाड्यांच्या प्रदर्शनात स्टॉल लावायचा आणि एअरब्रशनं टी-शर्टवर राक्षस रंगवून द्यायचा. डोळे बाहेर आलेले, जीभ लोंबतेय, एका हातात गिअरचा दांडा आणि खाली धूर ओकणारी, पुढची चाकं हवेत गेलेली गाडी. त्यातूनच त्याचा रॅट फिंक गाजला: हिरवा, ढेरपोट्या, भोवती माश्या घोंगावणारा उंदीर. डिस्नेच्या गोंडस मिकीला दिलेलं हे गॅरेजचं उत्तर होतं.

गाड्याही तो स्वतः बनवायचा, फायबरग्लासच्या. ‘बीटनिक बँडिट’ या त्याच्या गाडीला स्टिअरिंग व्हील नाही. मध्ये एकच दांडा, त्यानंच वळायचं आणि त्यानंच वेग वाढवायचा. वर पारदर्शक बुडबुड्यासारखं छत. १९६८मध्ये हॉट व्हील्सच्या पहिल्या १६ खेळण्यातल्या गाड्या बाजारात आल्या, त्यात ही होती. रेव्हेल कंपनीनं रॉथच्या गाड्यांचे प्लास्टिकचे जोडसंच काढले आणि प्रत्येक संचामागे त्याला रॉयल्टी मिळे एक सेंट. एका सेंटात काय होतं? १९६३ या एका वर्षात त्याचे ३२ हजार डॉलर झाले!

त्याच्या ‘ऑर्बिट्रॉन’ गाडीची गोष्ट तर सिनेमातली वाटावी. १९६४मध्ये बनवलेली ही गाडी पुढे गायब झाली. कित्येक वर्षं कुणालाच पत्ता नाही. २००७मध्ये ती सापडली मेक्सिकोतल्या सिउदाद हुआरेस शहरात, प्रौढांच्या पुस्तकांच्या एका दुकानासमोर मोडक्या अवस्थेत उभी.

आणि रॉकशी त्याचा थेट संबंध? १९८२चा ‘जंकयार्ड’ हा अल्बम बघा. बँड ऑस्ट्रेलियातला, द बर्थडे पार्टी. त्यात तरुण निक केव्ह गातो. कर्कश, काळोखं संगीत आणि मुखपृष्ठावर रॉथच्या हातचा राक्षस, भन्नाट गाडीसकट. गाड्यांच्या प्रदर्शनातली चित्रकला पंक पिढीच्या हाती आली, त्याचा याहून ठसठशीत पुरावा मला माहीत नाही.

डेट्रॉइटचा उंदीर

रॉथ कॅलिफोर्नियात उंदीर रंगवत होता, त्याच सुमारास गाड्यांच्या शहरात, डेट्रॉइटमध्ये, स्टॅन्ली मिलर नावाचा पोरगा प्रदर्शनांतून तसेच राक्षसी टी-शर्ट विकत होता. सही करायचा ‘माउस’. १९६५मध्ये तो सॅन फ्रान्सिस्कोला पोचला, तिथे त्याला आल्टन केली भेटला आणि या जोडीनं तिथल्या अवॅलॉन बॉलरूममधल्या कार्यक्रमांची पोस्टरं रंगवून टाकली.

१९६६मध्ये ग्रेटफुल डेड या बँडच्या कार्यक्रमासाठी त्यांनी गुलाबांचा मुकुट घातलेला सांगाडा छापला. मूळ चित्र एडमंड सलिव्हन या ब्रिटिश चित्रकाराचं, उमर खय्यामच्या रुबायांच्या १९१३च्या आवृत्तीतलं. माधव ज्युलियनांनी मराठीत आणल्या त्याच रुबाया. फारसी कविता, इंग्रज चित्रकार, डेट्रॉइटचा टी-शर्टवाला आणि कॅलिफोर्नियातला बँड एकाच कागदावर!

केलीचा पुढचा प्रवास मला फार आवडतो. २००८मध्ये तो गेला. त्याआधीच्या वर्षांत तो काय रंगवत होता? हॉट रॉड आणि कस्टम गाड्या.

एक चित्र, जे आत ढकललं गेलं

रॉबर्ट विल्यम्स १९६०च्या दशकात रॉथच्या स्टुडिओत नोकरीला होता, जाहिराती आणि चित्रं करायला. १९८७मध्ये गन्स अँड रोझेसनी आपल्या पहिल्या अल्बमसाठी त्याचं ‘अ‍ॅपेटाइट फॉर डिस्ट्रक्शन’ हे चित्र घेतलं, नावासकट. चित्रात अत्याचाराचं दृश्य असल्यानं दुकानदारांनी हरकत घेतली. मग ते आतल्या पानावर गेलं आणि मुखपृष्ठावर आला तो आज सगळ्यांना ठाऊक असलेला कवट्यांचा क्रूस. १९९४मध्ये विल्यम्सनं सहकाऱ्यांबरोबर ‘जक्स्टापोझ’ मासिक काढलं. गाड्या, कॉमिक्स, टॅटू, पोस्टर यांतून आलेल्या चित्रकारांना हक्काची जागा मिळाली. वर्षभर आधी, १९९३मध्ये, लगूना आर्ट म्युझियमनं व्हॉन डच, रॉथ आणि विल्यम्स यांचं एकत्र प्रदर्शन भरवलं होतं.

काळी रेघ

गाडीवरची रेघ कागदावर कशी आली, हे जरा जवळून बघायला हवं, कारण सगळी गंमत इथे आहे.

हॉट रॉडच्या बॉनेटवर ज्वाळा कशा रंगवतात? मास्किंग टेप लावून आकार पाडायचा, उरलेली गाडी कागदानं झाकायची आणि पिवळा, नारिंगी, लाल असे रंग स्प्रे गननं मारायचे. टेप काढली की ज्वाळेच्या कडेला रंगाची उंच, किंचित खडबडीत धार राहते. मग पेंटर बसतो तलवारीच्या आकाराचा ब्रश घेऊन. खारीच्या केसांचा, आखूड दांड्याचा. एनॅमल रंगात तो बुडवतो, घोळवतो आणि श्वास रोखून त्या धारेवरून एक सलग रेघ ओढतो. रेघ दिसायला नक्षी, पण काम करते झाकायचं. दोन रंगांचा सांधा तिच्याखाली गडप होतो.

आता स्क्रीन प्रिंटिंग. आपल्याकडे लग्नपत्रिका छापतात तीच पद्धत. प्रत्येक रंगाची वेगळी जाळी. जाळीवर शाई ओतायची, स्क्वीजी म्हणजे रबरी पट्टी ओढायची, कागद वाळवायचा, पुढचा रंग. पाच रंग म्हणजे प्रत्येक कागद पाच वेळा हाताखालून जाणार. त्यात कागद केसभर जरी सरकला तरी रजिस्ट्रेशन चुकतं आणि दोन रंगांच्या मध्ये पांढरी फट दिसते. म्हणून सगळ्यात शेवटी छापायची जाड काळी बाह्यरेषा. ती फट गिळून टाकते.

पत्र्यावरची रेघ आणि कागदावरची रेघ, दोघींचं काम एकच! म्हणूनच ज्वाळा, क्रोमची चकाकी, फुगीर टायर ही चित्रं पोस्टरवर इतकी सहज उतरतात. सपाट, झणझणीत रंग आणि ठाम रेघ हे व्याकरण गॅरेजात आधीच तयार होतं.

नव्या पिढीचे उस्ताद

१९८०च्या दशकात बहुतेक छोट्या कार्यक्रमांची जाहिरात म्हणजे झेरॉक्स केलेला कागद, विजेच्या खांबावर डकवलेला. तिथून मोठं, रंगीत, हातानं छापलेलं पोस्टर परत आणण्यात फ्रँक कोझिकचा वाटा फार मोठा. जन्म माद्रिदचा, १९६२चा. अमेरिकी हवाई दलात भरती झाला, ऑस्टिन शहरात आला आणि तिथल्या पंक बँडांची पोस्टरं काढू लागला. पुढे सॅन फ्रान्सिस्कोत त्यानं ‘मॅन्स रुइन’ ही रेकॉर्ड कंपनी काढली. ऑफस्प्रिंग बँडच्या ‘अमेरिकाना’ अल्बमचं मुखपृष्ठ त्याचंच. २०२३मध्ये तो गेला.

ओक्लाहोमाच्या टल्सा शहरातला चित्रकार कूप तर हाडाचा हॉट रॉडवाला. सिगार ओढणारा त्याचा सैतान तुम्ही स्टिकरवर नक्की पाहिला असेल, नाव माहीत नसलं तरी. सिगार ही या मंडळींची जुनी आवड दिसते: क्ले स्मिथ या इंजिनाचे कॅमशाफ्ट बनवणाऱ्या कंपनीचा सुतारपक्षी कित्येक वर्षं चोचीत सिगार धरून आहे.

डर्टी डॉनी मूळचा कॅनडाचा. १९७०च्या दशकातल्या रंगीबेरंगी व्हॅन, राक्षस आणि पोस्टर यांचं त्याला वेड. मेटॅलिका बँडची २०१३ची पिनबॉल मशीन त्यानं रंगवली. सॅन फ्रान्सिस्को परिसरात चक स्पेरी आणि रॉन डोनोव्हन यांनी ‘फायरहाउस कस्टम रॉकआर्ट कंपनी’ थाटली. पोस्टरांच्या छापखान्याच्या नावातच कस्टम गाड्यांचं जग आलं. सिएटलचा आर्ट चँट्री पाने, पकडी, औजारांच्या जुन्या कॅटलॉगमधली चित्रं उचलून गॅरेज रॉक बँडांची अशी पोस्टरं करायचा की हाताला ग्रीस लागल्यासारखं वाटावं.

या सगळ्यांची जत्रा म्हणजे फ्लॅटस्टॉक. पहिली भरली २००२मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत. टेबलामागे चित्रकार स्वतः उभा, समोर त्याचे कागद, कोपऱ्यात पेन्सिलीनं सही आणि प्रतीचा क्रमांक. दोन वर्षांनी पॉल ग्रुशकिन आणि डेनिस किंग यांचा ‘आर्ट ऑफ मॉडर्न रॉक’ हा विटेसारखा ग्रंथ आला. ग्रुशकिनचं समाधान तेवढ्यानं झालं नाही. २००६मध्ये त्यानं गाड्या आणि रॉक या एकाच विषयावर ‘रॉकिन डाउन द हायवे’ हे वेगळं पुस्तक लिहिलं.

धावतपळत आणखी काही

झेडझेड टॉपच्या १९८३च्या ‘एलिमिनेटर’ अल्बमवरची लाल गाडी खरी आहे: बिली गिबन्सची १९३३ची फोर्ड कूप. अमेरिकेत या अल्बमच्या एक कोटीहून जास्त प्रती खपल्या.

रॉब झोंबीचं ‘ड्रॅग्युला’ हे गाणं ‘द मन्स्टर्स’ या मालिकेतल्या गाडीवरून आलंय. कस्टम गाड्या बनवणाऱ्या जॉर्ज बॅरिसच्या वर्कशॉपमधली ती गाडी शवपेटी वापरून बनवली होती.

गिटारवादक जेफ बेक स्वतः हॉट रॉड बांधायचा. १९६९मध्ये फोर्ड मॉडेल टीच्या हॉट रॉडला अपघात होऊन त्याच्या डोक्याला जबर मार बसला, तरी गॅरेज सुटलं नाही. १९८९च्या ‘गिटार शॉप’ अल्बमच्या मुखपृष्ठावर तो मेकॅनिक आहे आणि दुरुस्तीला आलीय एक अवाढव्य गिटार.

गायिका जॅनिस जॉप्लिननं आपली पोर्शे गाडी बँडच्या मदतनिसाकडून फुलपाखरं, डोळे, डोंगर यांनी रंगवून घेतली. इथे गाडीच पोस्टर झाली! २०१५च्या लिलावात ती १७ लाख ६० हजार डॉलरना गेली.

मेटॅलिकाच्या जेम्स हेटफिल्डनं २०२०मध्ये आपल्या १० कस्टम गाड्या लॉस एंजेलिसच्या पीटरसन ऑटोमोटिव्ह म्युझियमला देऊन टाकल्या.

आणि जपान. डीन मून या कॅलिफोर्नियातल्या हॉट रॉडवाल्याच्या कंपनीचं चिन्ह म्हणजे दोन टपोरे डोळे. १९८७मध्ये मून वारला आणि त्याच्या जपानी चाहत्यांनी ते नाव आणि ते डोळे पुढे चालवले. १९९२पासून योकोहामात दर डिसेंबरात हॉट रॉडचं प्रदर्शन भरतं. याच जपानचा पोस्टर चित्रकार रॉकिन जेली बीन. झगमगत्या गाड्या आणि सुंदरी रंगवण्यात हातखंडा. लोकांसमोर येताना तो चेहऱ्यावर कुस्तीगिराचा मुखवटा चढवतो.