दूध संस्थेतला संगणक



संगणक म्हटले की आपल्याला वाटते, ते शहरातल्या ऑफिसातले काम. पण कागल तालुक्यातल्या आमच्या गावात तो रोज सकाळ-संध्याकाळ आपल्याच म्हशींच्या दुधाचा हिशेब करतो. मी आज्जीबरोबर दूध घालायला जाते. तेव्हा त्याचे सगळे भाग मी नीट बघून घेतले. ते आज सांगते.

संगणकाची कामे चार. माहिती आत घेणे, तिच्यावर काम करणे, ती साठवणे आणि उत्तर बाहेर देणे. आपल्या गुऱ्हाळासारखेच आहे. घाण्यात ऊस घालायचा, रस काहिलीत आटवायचा, मग गूळ तयार. ऊस घातल्याशिवाय गूळ नाही, तसे माहिती दिल्याशिवाय उत्तर नाही.

माहिती आत देतो तो कीबोर्ड, म्हणजे कळफलक. त्यावर अक्षरे आणि आकडे असतात. माउस म्हणजे उंदीर. तो सरकवला की पडद्यावरचा बाण सरकतो. संस्थेत वजनकाटा आणि फॅट काढायचे मशीनही वायरीने संगणकाला जोडले आहे. त्यामुळे दुधाचे माप आणि फॅट आपोआप आत जाते. सभासदाचा नंबर मात्र सेक्रेटरीकाका हाताने दाबतात.

टेबलाखालच्या डब्याला सगळे सीपीयू म्हणतात. पण गुरुजींनी शाळेतला डबा उघडून दाखवला, तेव्हा कळले की खरा सीपीयू म्हणजे आतली एक छोटी चपटी चिप. बेरीज, गुणाकार तीच करते. काम करून ती तापते, म्हणून तिच्यावर पंखा बसवलेला असतो. आत रॅम असते आणि हार्डडिस्क असते. रॅम म्हणजे आपली पाटी. वीज गेली की सगळे पुसले जाते. हार्डडिस्क म्हणजे वही. वीज गेली तरी लिहिलेले राहते. वीज अचानक गेली तर पाटीवरचे वहीत उतरायच्या आत पुसू नये, म्हणून यूपीएस लावतात. त्यात बॅटरी असते.

उत्तर बाहेर दाखवतो तो मॉनिटर, म्हणजे पडदा. आणि कागदावर छापतो तो प्रिंटर. आपली दुधाची पावती त्यातूनच येते.

आता खरी गोष्ट ऐका. एकदा आज्जीने पावती पदराच्या गाठीला बांधली. घरी आल्यावर मी ती वाचली. लिटर ३.५ बरोबर, फॅट ६.८ बरोबर. पण नंबर ११२. आमचा नंबर १२१! म्हणजे आमचे दूध दुसऱ्याच्याच खात्यावर गेले होते. आज्जी म्हणाली, "आगं, मशीन कसं चुकंल?" मी म्हणाले, "आज्जी, मशीन चुकलं न्हाई. आकडा दाबताना उलटा पडला."

आम्ही दोघी परत गेलो. काकांनी सकाळची नोंद पडद्यावर काढली. हार्डडिस्कमध्ये ती तशीच होती. त्यांनी नंबर दुरुस्त करून नवी पावती दिली. आज्जी म्हणाली, "आता रोज तूच वाचायची पावती." बिलातूनच म्हशीची पेंड आणि माझ्या वह्या येतात, म्हणून मी रोज वाचते.

पुण्याच्या सी-डॅक संस्थेत डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली 'परम' हा महासंगणक तयार झाला. त्यात अनेक प्रोसेसर एकाच वेळी काम करीत. डॉ. भटकर अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे, म्हणजे आपल्यासारखेच खेड्यातले. पण संगणक महा असो की आपल्या संस्थेतला, आत चुकीचे घातले तर बाहेर चुकीचेच येणार.

म्हणून पालकांनो, पावतीवरचा नंबर, लिटर आणि फॅट तिथेच बघून घ्या. चष्मा घरी राहिला असेल तर आम्हाला हाक मारा. आम्हाला वाचता येते.

एवढे सांगून माझा लेख पुरा करते.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी